आधी फटी, मग थर

प्रश्न: मिनिआपोलिसमधल्या आमच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यात जेमतेम चार इंच फायबरग्लास आहे. थंडीआधी वर आणखी थर टाकला की पुरे का?

उत्तर: पुरे नाही. फायबरग्लास हवेला अडवत नाही, ती त्यातून आरपार जाते. खालची गरम हवा दिव्यांच्या खोबणी, पाइप आणि पोटमाळ्याच्या झडपेच्या कडांतून वर चढते, छतावरचं बर्फ वितळवते. ते पाणी थंड वळचणीला पुन्हा गोठतं, बांध घालतं आणि मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखालून घरात शिरतं. म्हणून कॉक सीलंट आणि फोमने फटी बुजवणं हे पहिलं काम. चिमणीभोवती मात्र फोम चालत नाही, तिथे पत्रा आणि उष्णतारोधक सीलंटच हवं.

मग थर. मिनेसोटासारख्या थंड भागात तीन-चार इंच आधीचं असेल, तर वर आर-४९ (‘आर’ म्हणजे उष्णतारोधाचं माप) इतकं घालावं, अशी अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचत कार्यक्रमाची शिफारस आहे. सुट्या सेल्युलोजचा तो थर साधारण १४ इंच भरतो. गुंडाळ्या वापरल्या, तर वरचा थर बिनकागदी हवा, नाहीतर मध्ये ओल अडकते. वळचणीच्या झरोक्यांपाशी हवेची वाट मोकळी ठेवणारे बॅफल बसवावेत. हौशी मंडळी नेमकं हेच विसरतात आणि छत घुसमटतं.

जुन्या घरात करड्या-सोनेरी, चमकदार खड्यांचं व्हर्मिक्युलाइट दिसलं, तर हात लावू नये. ते बहुधा माँटानातल्या लिबीच्या खाणीतलं असतं. ती १९९० मध्ये बंद झाली. तिथल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. अशा वेळी परवानाधारक माणसालाच बोलवावं.