ज्ञानासाठीचा प्रवास आणि परतीची वाट

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आपल्या अनेक घरांत एक चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला पुढील शिक्षणासाठी परदेशी जायचे असते. वडील खर्चाचा हिशेब मांडू लागतात. आईला नमाज-रोज्याची आणि संगतीची काळजी वाटते. एखादे वडीलधारे म्हणतात, ‘गेलेली मुले परत येतात कुठे?’ वाचक बंधू-भगिनींनो, या चिंता खऱ्या आहेत. त्या झटकून टाकू नयेत आणि त्यांच्या भयाने ज्ञानाचे दारही बंद करू नये. या प्रश्नाकडे दिव्य कुरआन, हदीस आणि आपल्या पूर्वसूरींच्या जीवनाच्या प्रकाशात पाहणे हाच योग्य मार्ग होय.

कुरआनची शिकवण

सूरह तौबाच्या आयत 122 मध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना मार्गदर्शन केले आहे की, सर्वांनीच एकदम बाहेर पडणे योग्य नाही. प्रत्येक समूहातून काही लोकांनी पुढे येऊन धर्माची सखोल समज मिळवावी आणि आपल्या लोकांत परतल्यावर त्यांना सावध करावे. ज्ञान मिळविणारे बाहेर पडलेले लोक की मागे राहिलेले, याविषयी भाष्यकारांची दोन मते आहेत. परंतु दोन्ही मतांनुसार ज्ञानाचा शेवट व्यक्तीपाशी होत नाही, तो समाजापाशी होतो. आयतीचा मूळ विषय धर्मज्ञान आहे. तथापि ज्या उपयुक्त विद्येची समाजाला गरज आहे, तिच्या बाबतीतही हीच दिशा आपल्याला मिळते.

सूरह कहफमध्ये हज़रत मूसा (अ.) यांचा प्रवास वर्णिलेला आहे. ज्यांना अल्लाहने पैगंबरी दिली, ते स्वतः विद्यार्थी होऊन निघाले. दोन समुद्रांच्या संगमापर्यंत पोहोचेन, मग कितीही काळ लागो, हा त्यांचा निर्धार होता. वाटेत थकवा आला, सोबतची मासळी हरवली, उलट पावली यावे लागले. गुरू भेटल्यावर त्यांनी शिकविण्याची नम्रपणे विनंती केली आणि गुरूंनी सर्वप्रथम धैर्याची गोष्ट काढली. दूरदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रसंग निघण्यापूर्वी अवश्य वाचावा. निर्धार, नम्रता आणि धैर्य हीच त्याची खरी शिदोरी आहे.

ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याविषयीचे एक वचन अनेक व्यासपीठांवरून हदीस म्हणून सांगितले जाते. मुहद्दिसांनी ते कमकुवत, तर काहींनी बनावट ठरविले आहे. आपल्याला त्याची गरजही नाही. जो ज्ञानाच्या शोधात एखाद्या मार्गाने चालतो, त्याच्यासाठी अल्लाह जन्नतचा मार्ग सोपा करतो, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये सुरक्षित आहे.

एका हदीससाठी महिनाभराची वाट

हज़रत जाबिर बिन अब्दुल्लाह (रज़ि.) यांना समजले की, शाम देशात राहणाऱ्या हज़रत अब्दुल्लाह बिन उनैस (रज़ि.) यांच्यापाशी अशी एक हदीस आहे जी त्यांनी स्वतः ऐकलेली नाही. त्यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभर प्रवास केला. ती ऐकण्यापूर्वीच दोघांपैकी एकाला मृत्यू गाठेल, ही त्यांची भीती होती. ती हदीस होती कियामतच्या दिवशी लोकांच्या परस्पर हक्कांचा निवाडा होण्याविषयीची. एवढ्या कष्टाने त्यांनी जे मिळविले, ते इतरांच्या हक्कांची जाणीव देणारे ज्ञान होते!

इमाम शाफई (रह.) यांचे जीवन म्हणजे प्रवासाचीच शाळा. हिजरी 150 मध्ये गाझा येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. आई त्यांना मक्केला घेऊन आली. पुढे मदीनेत इमाम मालिक (रह.) यांच्यापाशी आणि बगदादमध्ये इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी (रह.) यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले. अखेरीस ते मिसरला गेले. तेथे त्यांनी आपल्या अनेक पूर्वीच्या मतांचा फेरविचार केला. म्हणूनच शाफई फिक्हमध्ये ‘कदीम’ आणि ‘जदीद’, म्हणजे जुने आणि नवे मत, असा भेद आढळतो. नव्या भूमीत नव्या परिस्थितीचा आणि नव्या विद्वानांचा सहवास लाभला की बुद्धी विस्तारते. परंतु त्यासाठी त्यांनी आपल्या श्रद्धेचा पाया हलू दिला नाही. परदेशी शिक्षणाचे मर्म हेच आहे. कोकणातील आपली असंख्य कुटुंबे आज याच इमामांच्या फिक्हप्रमाणे नमाज अदा करतात. विधवा आईच्या एका निर्णयाचे फळ किती दूर पोहोचले, पाहा.

मुंबईचे उदाहरण

अलीकडच्या काळातील उदाहरण बद्रुद्दीन तय्यबजी यांचे. 1844 साली जन्मलेले तय्यबजी 1860 मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्यंतरी परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबईला येऊन त्यांनी वकिलीत नाव मिळविले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1874 साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत ते होते. ही संस्था आजही हजारो मुला-मुलींना शिकवीत आहे. स्वतः समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाने परतल्यावर शाळेची दारे उघडली!

निघण्यापूर्वी

प्रथम नियत तपासा. केवळ प्रतिष्ठेसाठी किंवा शेजाऱ्याशी बरोबरी म्हणून जाणे हे घराला न पेलणारे ओझे ठरते. जो विषय आपल्या देशात तितकाच चांगला शिकता येतो, त्यासाठी दागिने मोडण्याचे कारण नाही.

दुसरे, पैसा. व्याजी कर्जाकडे वळण्यापूर्वी इतर सर्व मार्ग शोधा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, मात्र राहण्याच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. मदीनेचे इस्लामी विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. महाराष्ट्र शासनाच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनेचीही चौकशी करावी. मोहल्ल्यातील संपन्न बांधवांनी कर्ज-ए-हसना दिले, तर ते मोठे पुण्यकर्म ठरेल.

तिसरे, आई-वडिलांचा हक्क. जिहादची परवानगी मागण्यास आलेल्या एका व्यक्तीला पैगंबर (स.) यांनी त्याचे आई-वडील हयात असल्याचे कळताच त्यांच्या सेवेतच झटण्यास सांगितले. वृद्ध, आजारी आई-वडिलांची व्यवस्था न लावता निघणे योग्य नाही. मुलीच्या बाबतीत प्रवास व निवासाविषयी जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा. पण नियमांचा विचार करणे वेगळे आणि तिच्या बुद्धीला कमी लेखणे वेगळे.

चौथे, परतीची वाट. काही जण परदेशीच स्थायिक होतात. त्यांना दोष देऊ नये. परंतु सुट्टीत येऊन गावच्या मुलांना शिकविणे, एका गरजू विद्यार्थ्याचे शुल्क उचलणे, नव्याने येणाऱ्याला आधार देणे, हेही परतणेच आहे. ज्याचे ज्ञान आपल्या लोकांपर्यंत कधीच पोहोचले नाही, त्याचा प्रवास अजून अर्ध्यावरच आहे.

मुलाला निरोप देताना त्याच्या सामानात जानमाज ठेवाल, कुरआन ठेवाल. त्यासोबत एक प्रश्नही द्या: तू परतशील तेव्हा आमच्यासाठी काय घेऊन येशील? अल्लाह आपल्या मुला-मुलींना लाभदायक ज्ञान, ईमानची स्थिरता आणि आपल्या लोकांची सेवा करण्याचे सामर्थ्य प्रदान करो. आमीन.