हिवाळ्यात गळाला मासा का लागत नाही?

आपले राजूर गाव भोकरदन तालुक्यात आहे. येथील गणपतीचे देऊळ सर्वांना माहीत आहे, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. मी पाझर तलावातल्या माशांविषयी लिहितो. पाझर तलाव म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवायचा तलाव. त्यामुळे खालच्या विहिरींना पाणी येते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात पुष्कळ लोकांनी अशा तलावांच्या कामावर मजुरी केली.

दिवाळी झाली की माझे आई-बाबा ऊसतोडीला जातात. घरी आजी, मी आणि धाकटी बहीण. मासा मिळाला तर रात्री कालवण होते, नाहीतर मिरचीचा ठेचा. बहिणीला ठेचा लई तिखट लागतो. पावसाळ्यात घडीभरात दोन मासे लागतात. पौषात मात्र अख्खी सकाळ बसले तरी गळ हलत नाही. असे का, हे मी गुरुजींना विचारले.

गुरुजी म्हणाले, आपले अंग थंडीतही ३७ अंशांच्या आसपास गरम राहते. माशाचे तसे नसते. पाणी जेवढे थंड, तेवढेच त्याचे अंग थंड. मग त्याला खाल्लेले लवकर पचत नाही, भूक कमी लागते आणि तो फार फिरत नाही. सकाळी तलावात हात घातला तर पाणी कोमट वाटते. पण ते कोमट नसते, बाहेरची हवा त्याहून गार असते म्हणून तसे वाटते.

म्हणून थंडीत सकाळी जाऊ नये. दुपारी जावे. ऊन लागून काठाचे उथळ पाणी आधी तापते, तिथे मासा येतो. बांबूच्या काठीला तंगूस बांधावा. गांडुळाचा लहान तुकडा लावावा, मोठा घास तो घेत नाही. ज्वारीच्या धांड्यातला भेंड तरंगायला बांधावा. भेंड जरासाच हलतो, तेव्हा नजर तिथेच पाहिजे. बोलू पण नये.

कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. मरळ हवा घ्यायला वर येते, तेव्हा बुडबुडा दिसतो. थंडीत तिला हवा कमी लागते, म्हणून ती उशिरा उशिरा वर येते. मला मरळच आवडते, तिला काटे कमी.

अमेरिकेत बास नावाचा मासा असतो. तोही थंडीत सुस्त होतो, म्हणून तिकडचे लोक आमिष हळूहळू ओढतात. तिकडे काही तळी वरून गोठतात, तरी बर्फाखाली पाणी असते आणि मासे जगतात.

ज्या तलावात कोणी मत्स्यबीज सोडले आहे, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. बोटाएवढा मासा परत सोडावा. मुरूम काढलेल्या खड्ड्याजवळ बसू नये, तिथे एकदम खोल असते. आजी मला एकट्याला जाऊ देत नाही, शेजारचे काका बरोबर असतात.

चतुर्थीला आमच्या घरी मासा चुलीवर चढत नाही. इतर दिवशी आजी आधी हाताला राख लावते. राख नसली तर मरळ हातातून सटकते आणि अंगणभर उड्या मारते.