गरोदरपणातली साखर

आमच्या आळीतल्या एका सुनेला पहिला मुलगा झाला. सव्वाचार किलो भरला. सासूबाईंनी घरोघर पेढे वाटले. आम्हीही कौतुकाने खाल्ले. बाळंतपण फार अडले होते, पण त्याबद्दल कुणी बोलले नाही.

तीन वर्षांनी सून पुन्हा गरोदर राहिली. तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात नाव नोंदवायला गेली. नर्सताईंनी पहिल्या बाळाचे वजन विचारले. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "मावशी, हिची साखर आजच बघू."

"अगंबाई! हिला कुठली साखर? नुसती काडी आहे!" सासूबाई म्हणाल्या.

"माहेरी कुणाला मधुमेह?"

सून खाली बघत बोलली, "आईला आहे." लग्नाच्या वेळी ही गोष्ट झाकून ठेवली होती. अशा गोष्टी आपल्याकडे झाकतातच. पण नर्सताईंपाशी झाकू नयेत.

आता हे समजून घ्या. अन्नाची रक्तात साखर होते. ती अंगी लागावी म्हणून पोटातले स्वादुपिंड इन्सुलिन नावाचा रस सोडते. गरोदरपणी वारेतूनही काही रस सुटतात. त्यांनी इन्सुलिनचा जोर कमी होतो. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन करावे लागते. सपाट रस्त्यावर चालणारे बैल घाटात थकतात, तसे काही बायकांचे होते. रक्तात साखर साचते. ती बाळाला जाते. बाळ नको तितके वाढते. बाळंतपणात त्याचा खांदा अडकू शकतो. जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते. बाईला मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. गोड खाल्ले म्हणून झाले, असे म्हणून सुनेला बोल लावू नये.

हा धोका कुणाला जास्त? आईवडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल तिला. गरोदर राहण्याआधीच वजन जास्त असेल तिला. मागच्या खेपेला साखर वाढली असेल, बाळ चार किलोंचे किंवा त्याहून मोठे झाले असेल, किंवा मूल पोटातच दगावले असेल तिला. अंडाशयाच्या विकाराने पाळी अनियमित येत असेल तिलाही. पंचविशी उलटल्यावर धोका वाढत जातो. यातले काहीच नसले तरी साखर वाढू शकते. म्हणून आपल्या देशात प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असते.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात. पोट रिकामे असो की भरलेले, चालते. दोन तासांनी बोटाचे रक्त बघतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर साखर वाढली असे धरतात. कमी आला तर सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा बघतात.

सुनेचा आकडा १५२ आला. साखर, गूळ बंद झाले. भात-भाकरी बेताची, पण थोडी थोडी चार-पाच वेळा. डाळ, उसळ, पालेभाजी जास्त. जेवणानंतर चालणे. 'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा,' हे सासूबाईंनी सोडले. त्यांना ते जडच गेले. दोन आठवड्यांत साखर आटोक्यात आली. एवढ्याने भागले नसते तर डॉक्टरांनी औषध किंवा इन्सुलिन दिले असते.

दवाखान्यात मुलगी झाली. तीन किलोंची. पेढे याही वेळी वाटले. सुनेने अर्धाच खाल्ला.

सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासणीला गेली. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी पुढे मधुमेह जडण्याचा धोका राहतो. या खेपेला सासूबाईही सोबत होत्या. सुनेचे झाल्यावर त्यांनी आपलेही बोट पुढे केले.