सरड्यांचे नातेगोते कसे ठरते?

सारखे दिसणारे प्राणी एकमेकांचे जवळचे नातलग असणार, असे आपण सहज धरून चालतो. प्राणिशास्त्रातही बराच काळ खवल्यांची रचना, बोटांची संख्या, शरीराची मापे यांवरूनच वर्गीकरण होत असे. हा आधार उपयोगी आहे, पण तो एकटा पुरत नाही. सरड्यांच्या अभ्यासातून ही गोष्ट स्पष्ट झाली आहे.

कॅरिबियन समुद्रातील क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या चार मोठ्या बेटांवर ‘ॲनोल’ नावाचे सरडे राहतात. चारही बेटांवर बारीक डहाळ्यांवरून सावकाश चालणारा, आखूड पायांचा सरडा सापडतो. बुंध्याजवळ वावरणारा, लांब पायांचा चपळ सरडाही सापडतो. १९९८ साली जोनाथन लोसोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे यांची वंशावळ मांडली. जमैकातील डहाळीवरचा सरडा हा प्वेर्तो रिकोतील आपल्यासारख्याच दिसणाऱ्या सरड्याचा नव्हे, तर जमैकातीलच बुंध्यावरच्या सरड्याचा जवळचा नातलग ठरला. राहणीमान सारखे, म्हणून रूप सारखे झाले. मूळ मात्र वेगळे.

हे डीएनएवरून कसे कळते? एका जुन्या खातेवहीच्या नकला हाताने उतरवल्या आहेत, अशी कल्पना करा. एका नकलेत आकडा चुकला, तर तिच्यावरून उतरवलेल्या पुढच्या प्रतींतही तीच चूक येते. समान चुका पाहून कोणती प्रत कोणावरून उतरली, हे सांगता येते. डीएनए ही ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली वहीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना तिच्यात बदल होतात. ज्यांच्यात हे नवे बदल समान, ते एकाच शाखेचे.

येथे एक सावधगिरी हवी. पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. दोन प्रजातींचा पूर्वी संकर झाला असेल, तर तेवढ्यावरून काढलेले नाते फसवे ठरू शकते. शिवाय प्रजाती झपाट्याने वेगळ्या झाल्या असतील, तर एक जनुक एक नाते सांगतो आणि दुसरा दुसरेच. म्हणून अनेक जनुकांची साक्ष एकत्र तपासावी लागते. २०११ साली हिरव्या ॲनोलचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. सरड्याचा असा हा पहिलाच जनुकसंच. त्यामुळे तुलनेसाठी हजारो ठिकाणे निवडण्याची सोय झाली.

आता आपल्या भागाकडे वळू. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी कातडी असलेले सरडे माळरानावर दिसतात. भारतातील असे बहुतेक सरडे बराच काळ ‘सिताना पाँटिसेरियाना’ या एकाच नावाखाली मोजले जात. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आदी संशोधकांनी शरीराची मापे आणि डीएनए दोन्ही तपासले. २०१६ साली त्यांनी पाच नव्या प्रजाती आणि एक नवा वंश जाहीर केला. वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. त्या वंशाचे शास्त्रीय नावच ‘सरडा’ आहे, आपल्या मराठीतून घेतलेले! त्यातील ‘सरडा सुपर्बा’ सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर राहतो. म्हणजे कॅरिबियन बेटांवर रूप सारखे असून नाते दूरचे निघाले, तर येथे एका नावाआड अनेक प्रजाती दडलेल्या निघाल्या.

नाव नीट ठरल्याने काय साधते? चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. तेथे शिकारी पक्षी कमी झाले आणि या सरड्यांची संख्या वाढली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कोणता प्राणी कोठे राहतो हेच ठाऊक नसेल, तर त्याच्यावर काय परिणाम होतो हे कोण तपासणार? सर्वत्र आढळणारा एकच सरडा समजून आपण एखादे पठार सहज मोकळे करून टाकू आणि केवळ तेथेच राहणारी प्रजाती गमावून बसू.

विद्यार्थ्यांनी माळावर सरडा दिसला तर त्याला दगड मारू नये. दिनांक, जागा आणि गळ्याचा रंग वहीत लिहून ठेवावा. शास्त्राची सुरुवात अशा साध्या नोंदीपासूनच होते.