शाळेबाहेरील विद्येची मोजदाद

मनुष्य केवळ शाळेच्या चार भिंतींत शिकतो असें नाहीं, हें विधान कोणीही मान्य करील. परंतु शाळेबाहेर तो जें शिकला, तें कोणीं व कोणत्या कसोटीवर मान्य करावयाचें, असा प्रश्न निघाला कीं उत्तर देणें कठीण जातें. शंभर मुलांचें शिबिर चोख चालविणारा एखादा तरुण परीक्षेंत उत्तीर्ण झालेला नसेल, तर नोकरीच्या अर्जांत त्यानें आपल्या या योग्यतेविषयीं काय लिहावें? अर्जाच्या छापील रकान्यांत तिला बहुधा जागाच नसते. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न युरोपांतील युवककार्यांत कसा झाला, तें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. फिलिप कूम्स व मंझूर अहमद यांनीं १९७४ सालच्या आपल्या ग्रंथांत शिक्षणाचे तीन प्रकार मानले आहेत. इयत्ता, अभ्यासक्रम व परीक्षा यांनीं बांधलेलें, शाळेपासून विश्वविद्यालयापर्यंत चढत जाणारें शिक्षण तें औपचारिक. या चौकटीबाहेर, परंतु हेतुपुरस्सर व योजनापूर्वक दिलेलें तें औपचारिकेतर. बालवीरांचें पथक किंवा सेवाशिबिर हीं त्याचीं उदाहरणें होत. आणि धाकटीं भावंडें सांभाळतां सांभाळतां, बाजारांत हिशेब करतां करतां जें नकळत अंगीं येतें, तें सहज शिक्षण. युवककार्यांत दुसरा व तिसरा हे प्रकार एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं त्यांची सीमारेषा आंखणें अवघड होय.

अशा शिक्षणाची दखल घेण्याची कल्पना अगदींच नवी नव्हे. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर निरनिराळ्या सामाजिक थरांतील सुमारे २० मुलांचें शिबिर भरविलें. त्यांतून वाढलेल्या बालवीर चळवळींत कौशल्याचे बिल्ले देण्याची प्रथा पडली. त्या प्रथेचें मर्म असें कीं, गांठ कशी मारावी यावर निबंध लिहून बिल्ला मिळत नसे; गांठ प्रत्यक्ष मारून दाखवावी लागे. परंतु पथकाबाहेरच्या जगांत त्या बिल्ल्यास फारसा अधिकार नव्हता.

तो अधिकार कसा प्राप्त व्हावा, याविषयीं युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेनें २० डिसेंबर २०१२ रोजीं आपल्या सभासद राष्ट्रांस एक शिफारस केली. तींत चार पायऱ्या सांगितल्या आहेत : ओळख, नोंद, मूल्यमापन व प्रमाणन. उदाहरणानें हें स्पष्ट होईल. समजा, पोर्तुगालमधील एक तरुणी पोलंडमधील वृद्धाश्रमांत वर्षभर स्वयंसेविका म्हणून राहिली. परकी भाषा बोलणें, रुसलेल्या वृद्धाची समजूत घालणें, आठवड्याचा कार्यक्रम आंखणें, हें सारें ती शिकली. पण विचारल्यास “मीं थोडी मदत केली” एवढेंच ती सांगेल. आपण काय शिकलों हें तिच्या ध्यानीं येणें ही ओळख. तें पुराव्यासह लिहून काढणें ही नोंद. ठरलेल्या मापानें तें पारखणें हें मूल्यमापन. आणि अधिकारी संस्थेनें त्यावर आपली मुद्रा उठविणें हें प्रमाणन होय.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठीं २००७ सालीं ‘यूथपास’ नांवाचें प्रमाणपत्र निघालें. त्याचा विशेष असा कीं, आपण काय शिकलों याचें वर्णन शिकणारा स्वतःच लिहितो, आणि लिहिण्यापूर्वीं मार्गदर्शकाशीं व सोबत्यांशीं बोलून आपलें म्हणणें तपासून घेतो. मात्र ही पदवी नव्हे. चौथ्या पायरीपर्यंत जाणारा मार्ग पाहावयाचा तर फ्रान्सकडे वळलें पाहिजे. तेथें जानेवारी २००२ च्या कायद्यानें अनुभवाच्या आधारें पदविका मिळविण्याचा हक्क दिला. पगारी कामाबरोबरच विनावेतन सेवेचा अनुभवही त्यांत धरला जातो. उमेदवार आपल्या कामाची सविस्तर टिपणी सादर करतो आणि परीक्षकमंडळ ती पाहून निर्णय देतें. प्रारंभीं किमान ३ वर्षांचा अनुभव लागे. २०१६ सालीं ती अट १ वर्षावर आणण्यांत आली.

या पद्धतीवर आक्षेप आहेत व ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहींत. पहिला असा कीं, कागदाचा लोभ सुटला म्हणजे सेवेंतील निरपेक्षता जाईल आणि मुलें शिबिरास जाण्याऐवजीं प्रमाणपत्रास जातील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याला आपलें काम गोड शब्दांत मांडतां येतें तो पुढें जाईल, आणि ज्याचे हात कुशल पण जीभ अडखळती तो मागें पडेल. तसें झालें तर शाळेनें ज्यास एकदां मागें सारलें, त्यासच आपण दुसऱ्यांदा मागें सारूं. म्हणून मार्गदर्शकाशीं होणारें संभाषण हेंच या पद्धतीचें खरें हृदय समजलें पाहिजे. तें टाळून केवळ रकाने भरून घेतले तर हाती कागदच उरेल. पहिल्या आक्षेपास उत्तर हें कीं, नोंद ज्याची त्यानें स्वेच्छेनें मागावी; ती कोणावर लादूं नये.

आपल्या देशांतही या विचाराचीं बीजें आहेत. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ३७ विश्वविद्यालयांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेंत दोन वर्षांत २४० तास सेवा व एक विशेष शिबिर पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. परंतु २४० हा आंकडा वेळ मोजतो, विद्या मोजीत नाहीं. तितक्याच तासांत एकानें गांवकऱ्यांचा विश्वास संपादन केला असेल, तर दुसऱ्यानें केवळ हजेरी भरली असेल; त्या दोघांतील भेद तासांवरून कळावयाचा नाहीं.

तो भेद उघड करणें हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतु होय. विद्यार्थिमित्रांनीं त्यासाठीं कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शिबिर, सामने, स्नेहसंमेलन किंवा घरचें काम संपल्यावर वहींत चार ओळी लिहाव्या : मीं काय केलें, काय अडलें, तें कसें सोडविलें, आणि हें खरें असल्याची साक्ष कोण देईल. अशी वही ठेवणाऱ्यास कोणीं पुढें विचारलें कीं “तुला काय येतें?” तर त्यास खालीं मान घालावी लागणार नाहीं.