चाळीसगावचा टांगा : मानवी हक्कांचा एक स्थानिक पाठ

धुळ्याजवळील लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांचा तेथे मुक्काम झाला होता. अशा मेळाव्यांतून अभिवादनासोबत आपल्या भूमीच्या इतिहासाचा अभ्यासही व्हावा, या हेतूने आम्ही एक प्रसंग येथे मांडीत आहोत.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. १९२९ साली धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर होता. स्थानकावर टांगे पुष्कळ होते. परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला राजी होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. पाहुण्याने पायी जावे हे बांधवांना रुचेना, म्हणून त्यांच्यातीलच एक अननुभवी माणूस लगाम धरून बसला. नदीवरील बिनकठड्याच्या मोरीवर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा व टांगा नदीत कोसळले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, विलायतेची बॅरिस्टरी जातीच्या उतरंडीपुढे निरुपयोगी ठरली. मोलमजुरी करणारा टांगेवालाही स्वतःला श्रेष्ठ समजत होता. म्हणून केवळ वैयक्तिक उन्नती पुरेशी नाही. दुसरी, बहिष्काराची चौकशी करता येत होती, परंतु त्याला गुन्हा ठरवणारा कायदा त्या काळी नव्हता.

आज तो आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. तरीही २०१८ साली जळगाव जिल्ह्यातील वाकडी (ता. जामनेर) येथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून दोन अल्पवयीन दलित मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. म्हणजे कायदा झाला, पण विहिरीचे पाणी अजून सर्वांचे झालेले नाही.

मग मेळाव्याने काय करावे? घटनेची तारीख, स्थळ व साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत. प्रथम खबरी अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे की नाही हे पाहावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा होणे नियमाने बंधनकारक आहे. ती झाली का, हे लेखी विचारावे.

आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेले विद्यार्थी आज वकील, शिक्षक, कर्मचारी आहेत. आपल्या गावातील एका जरी पीडित कुटुंबाचा अर्ज त्यांनी शेवटपर्यंत नेला, तर चाळीसगावचा पाठ आपण खऱ्या अर्थाने शिकलो, असे आम्ही मानू.