टाचणात फोन कुठे लिहायचा?

२००७ साली रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या छोट्याशा शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला हा पहिला प्रयोग. याच उपक्रमात पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत मुलांची प्रगती त्यात दिसली नाही. यंत्र शाळेत पोचले होते, पण ते घेऊन रोजच्या तासाला काय शिकवायचे, याची पुरेशी तयारी शिक्षकांकडून करून घेतली गेली नव्हती.

डी.एल.एड.च्या मुला-मुलींना मी ही हकीकत आवर्जून सांगतो. सरावपाठाच्या टाचणात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्यात बहुतेकांनी एक व्हिडिओ लिहिलेला असतो. तो कोणत्या मिनिटाला थांबवायचा आणि थांबवल्यावर मुलांनी काय करायचे, ते मात्र कोरेच असते.

एका छात्राध्यापिकेचा तिसरीचा पाठ डोळ्यांसमोर आहे. विषय परिसर अभ्यासाचा, पाणी. प्रोजेक्टर समोरच्या भिंतीवर रोखलेला आणि खिडक्यांना पडदे नाहीत. सकाळच्या उन्हात भिंतीवर नुसती पांढुरकी सावली हलत होती. मागच्या ओळीतली पोरे गुडघ्यांवर उभी राहून बघायला लागली. रेंज गेली, चक्र फिरत राहिले, मग व्हिडिओ सुरू झाला तोच मध्ये साबणाची जाहिरात आली. तिचे गाणे साऱ्या वर्गाला पाठ! सगळ्यांनी ते खणखणीत म्हटले. त्यानंतर ‘विहिरीत पाणी कुठून येतं?’ या प्रश्नाला एकही हात वर आला नाही.

मुलगी मनापासून शिकवणारी होती. शाळेच्या मागेच विहीर होती, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तिथूनच पाणी भरले जात होते. आधी मुलांना त्या विहिरीपाशी नेऊन मग जमिनीच्या पोटातले, डोळ्यांना न दिसणारे पाणी पडद्यावर दाखवले असते, तर तोच व्हिडिओ कामी आला असता.

म्हणून सरावपाठाला जाणाऱ्यांनी व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून घ्यावा. ज्या खोलीत पाठ आहे तिथेच, शक्य तर त्याच वेळेला लावून पाहावा आणि स्वतः मागच्या ओळीत जाऊन बसावे. अक्षर दिसते का? आवाज पोचतो का? आठ मिनिटांतली दोन मिनिटेच गरजेची असतील, तर तेवढीच दाखवावीत. वीज गेली तर तोच पाठ खडू-फळ्यावर कसा घ्यायचा, तेही टाचणात लिहून ठेवावे. वीज जातेच.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांच्या तोंडी झाले. पुरस्काराच्या वेळी पुढे आलेली दुसरी बाब मला अधिक मोलाची वाटते. मुलांची घरची भाषा कन्नड होती, असे तेव्हा सांगितले गेले. गुरुजींनी आधी ती समजून घेतली, पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि मग त्याला कोड जोडले. तयारीचा हा क्रम उलटा करून चालत नाही.

साधा फोनही खूप काम करतो. दुसरीतल्या मुलाचे प्रकट वाचन रेकॉर्ड करावे आणि त्यालाच ऐकवावे. जोडाक्षराला अडखळलेला स्वतःचा आवाज ऐकून ‘बाई, परत वाचू?’ असे तो आपणहून विचारतो. याला रेंज लागत नाही. महिन्याने पुन्हा रेकॉर्ड करून दोन्ही वाचने पालकांना ऐकवली, तर मूल कुठवर आले हे त्यांना गुणपत्रकापेक्षा लवकर कळते.

मात्र ते रेकॉर्डिंग पालकांच्या सामाईक व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. अडखळणाऱ्या मुलाचे वाचन साऱ्या गावाने का ऐकावे? फोटो आणि गुणांच्या याद्यांनाही हेच लागू. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. नव्या शिक्षकाने पहिल्याच पालकसभेत हा विषय काढावा, कशासाठी काय टिपणार ते सांगावे आणि नको म्हणणाऱ्या पालकाला कारण विचारू नये.